अकरावा नियम

गेल्या मे महिन्यात मी आदिलाबादला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. कोल्हापूरच्या माणसाला आदिलाबाद म्हणजे फार दूरचा मुलूख वाटतो. परंतु नांदेडहून किनवटमार्गे गाडीने गेले, तर आदिलाबादच्या स्टेशनाबाहेरही मराठी कानांवर येतच राहते. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा त्यातले किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सरहद्दी हलल्या, माणसे होती तिथेच राहिली. पैनगंगेच्या अलीकडे बेल्याच्या बाजूला आजही घरांत मराठी बोलतात आणि सरकारी मराठी शाळाही जिल्ह्यात आहेत. माझा अकरा वर्षांचा भाचा अशाच एका शाळेत जातो.

तिथला मे महिना मी पूर्वी अनुभवला नव्हता. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, ह्याला जरा पोहायला घेऊन जा की. दाजींना सवड नाही, आणि घरी ठेवला तर पोरांबरोबर ओढ्याला पळतोय." मी आनंदाने तयार झालो. पोहणे शिकवण्याचा अधिकार आपल्याकडे मामा-काकांचाच असतो. जवळपास एक सार्वजनिक जलतरण तलाव होता, तिकडे आम्ही संध्याकाळी निघालो.

तिकीट काढून आत गेल्याबरोबर समोर एक मोठी पाटी होती, तेलुगूत आणि इंग्रजीत. भाचा शाळेत तेलुगू शिकतो, पण अजून अडखळत वाचतो. "मामा, काय लिहिलंय?" त्याने विचारले. मी इंग्रजी मजकूर त्याला मराठीत सांगत गेलो. अंघोळ केल्याशिवाय उतरू नये. पोहण्याचा पोशाख असल्याशिवाय उतरू नये. त्वचेचा रोग असलेल्यांनी येऊ नये. थुंकू नये. काठावरून धावू नये. सूर मारू नये. दंगा करू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. वस्तू स्वतः सांभाळाव्यात. वेळ संपताच बाहेर यावे. हे दहा नियम झाले. अकरावा लाल अक्षरांत होता: कोणताही अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग मी बुडलो तर कोण येणार?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही, म्हणून हा लेख.

आमच्या पिढीला पोहणे शिकवले ते विहिरीने. पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे, कुणीतरी दंडाला धरून ढकलून द्यायचे, चार गटांगळ्या खायच्या, नाकातोंडात पाणी जायचे आणि आठ दिवसांत भोपळे सुटायचे. तिथे पाटी नव्हती. नियम मात्र होते, आणि ते कडक होते. एकट्याने विहिरीवर जायचे नाही. पट्टीचा पोहणारा काठावर असल्याशिवाय कुणी मुटका मारायचा नाही. नवख्याने पायऱ्यांची बाजू सोडायची नाही. जेवून पाण्यात उतरायचे नाही. हे नियम सांगणारा काका स्वतः ओल्या लंगोटात काठावर बसलेला असे. मुलाला काही झाले असते तर त्याला घरी जाऊन त्या मुलाच्या आईसमोर उभे राहावे लागले असते. त्याच्या नियमांना वजन होते ते यामुळे.

त्या विहिरींचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या विहिरींत मुले बुडाली आहेत. आणि गावातल्या कित्येकांना त्या विहिरीवर पाऊलही ठेवू देत नसत, हेही खरे आहे. मला इतकेच म्हणायचे आहे की, काका जाऊन त्याच्या जागी तिकिटाची खिडकी आली, तेव्हा काकाची जबाबदारी कुणाकडे गेली याची नोंद कुठेच झाली नाही. अकरावा नियम सांगतो की ती कुणाकडेच गेली नाही.

आपल्या समाजात सार्वजनिक पाण्याचे नियम पूर्वापार आहेत, परंतु ते बहुतेक एकाच प्रकारचे होते: पाण्याजवळ कुणी यावे आणि कुणी येऊ नये. आमच्या कोल्हापुरात १९१९ साली शाहू महाराजांना हुकूम काढावा लागला की, सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा येथे शिवाशिव पाळता कामा नये. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी प्याले, आणि त्यानंतर त्या तळ्याची शुद्धी करण्यात आली. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. त्या शुद्धीपूर्वी किंवा शुद्धीनंतर तळ्याचे पाणी खरोखर कितपत स्वच्छ होते, हे तपासून पाहावे असे शुद्धी करणाऱ्यांपैकी कुणाला वाटले नाही. पाणी बिघडते ते माणसाने, आणि माणसाला आवरले की पाणी शुद्ध, हा आमचा जुना समज आहे. जलतरण तलावांच्या पाट्यांवरचे दहा नियम वाचताना तोच समज नव्या कपड्यांत उभा असल्यासारखे मला वाटले. हे दहाही नियम चांगले आहेत. पण ते सगळे उतरणाऱ्यासाठी आहेत. तलाव चालवणाऱ्याने काय करावे याविषयी पाटीवर एक अक्षर नव्हते.

चालवणाऱ्याचे काम काय असते हे थोडे सांगितले पाहिजे, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळून, त्यात क्लोरिन घालून पुन्हा वापरतात. म्हणजे शंभर माणसांनी एकाच हौदात अंघोळ केल्यासारखे ते आहे, आणि एकाचा रोग दुसऱ्याला होत नाही तो केवळ त्या क्लोरिनमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सार्वजनिक तलावात दर लिटरला निदान एक मिलिग्रॅम मोकळे क्लोरिन शिल्लक असावे आणि पाण्याचा सामू, म्हणजे आपण ज्याला पीएच म्हणतो तो, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. आपल्या देशाचेही मानक आहे; भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३३२८ हे खास जलतरण तलावांच्या पाण्यासाठीच आहे.

सामूचा आकडा हा शास्त्रज्ञांचा सोस नव्हे. सामू ७.५ असताना मोकळ्या क्लोरिनपैकी सुमारे निम्मे जंतू मारण्याच्या उपयोगी रूपात असते, तोच ८.५ वर गेला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पावडर तेवढीच पडते आणि काम पाचपटीने कमी होते. शिवाय क्लोरिनला ऊन सोसत नाही. स्थिर करणारे द्रव्य मिसळलेले नसेल, तर भर उन्हात उघड्या तलावातले बरेचसे क्लोरिन दोन-तीन तासांत उडून जाते. रात्री टाकलेली पावडर आदिलाबादच्या मे महिन्यातल्या दुपारनंतर कितीशी उरत असेल, हा हिशेब वाचकांनीच करावा. आणि नेमक्या संध्याकाळी तर मुलांची गर्दी होते.

आणखी एक समज. तलावाजवळ डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की लोक म्हणतात, "भरपूर क्लोरिन आहे, पाणी स्वच्छ आहे." वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन तयार होणाऱ्या द्रव्यांचा असतो. म्हणजे क्लोरिन घाणीशी झगडण्यात खर्च होत आहे, अशी ती खूण आहे. अंघोळ करून उतरा हा पाटीवरचा पहिला नियम यासाठीच आहे. पण त्याचे कारण लिहिलेले नसल्याने लोक तो उपचार समजतात आणि चूळ भरल्यासारखे अंगावर दोन तांबे ओतून पाण्यात उडी घेतात.

हे सगळे थट्टेवारी नेण्याजोगे नाही, हे केरळने दाखवले आहे. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि मग रोगी वाचणे अतिशय कठीण असते. २०२५ साली त्या राज्यात या मेंदूज्वराचे कित्येक रुग्ण दगावले आणि सरकारला विहिरी, टाक्या व जलतरण तलाव यांच्या क्लोरिनीकरणाची मोहीमच काढावी लागली. नीट राखलेल्या क्लोरिनपुढे हा अमिबा टिकत नाही. प्रश्न असतो तो 'नीट राखलेल्या' या दोन शब्दांचा.

मी त्या तलावाच्या काठावर उभा राहून पाण्याकडे पाहिले. उथळ बाजूला फरशा दिसत होत्या. खोल बाजूला पाणी हिरवट होते आणि तळ दिसत नव्हता. तळ दिसणे ही जगभर तलावाची सर्वांत साधी कसोटी मानतात. तळच दिसत नसेल तर तळाशी गेलेले मूल कसे दिसणार? बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो हे सिनेमातले चित्र आहे. ज्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते त्याला ओरडायला श्वास नसतो. मूल तर गर्दीत, चार हातांवर, निःशब्द खाली जाते. म्हणून काठावर उंच जागी बसून फक्त पाण्याकडे पाहणारा माणूस लागतो. दुसरे कोणतेही काम त्याला असता कामा नये. तिथे एक तरुण होता. तिकिटे तोच देत होता, चपला तोच सांभाळत होता. त्याला मी पाण्याविषयी विचारले. तो अदबीने म्हणाला, "साब, रोज शाम को पावडर डालते." किती टाकतात, मोजतात का, असे विचारल्यावर तो हसला. मला त्याचा राग आला नाही. मोजण्याची कुपी त्याला कुणी दिलेली नव्हती आणि बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर काय करायचे हे कुणी शिकवलेले नव्हते.

जगातले या विषयावरचे नियम हौसेने झालेले नाहीत. बहुतेक नियमांमागे कुणाचे तरी मूल आहे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली तळाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीला खेचली जाऊन बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्याच नावाचा कायदा झाला. सार्वजनिक तलावांच्या जाळ्या कशा असाव्यात, ओढ एकाच तोंडावर येऊ नये म्हणून काय करावे, हे त्यात ठरले. त्या कायद्याने पोहणाऱ्याला काही सांगितलेले नाही, सांगितले आहे ते तलाव बांधणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला. आपल्या पाट्यांत उणीव आहे ती नेमकी इथे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मोलाचा आहे. लहान गावची नगरपालिका, मोजके उत्पन्न. मोठ्या शहरांचे नियम तिथे लावले तर तलाव बंदच पडेल. मग मुले जातील कुठे? हा प्रश्न आदिलाबादमध्ये पुस्तकी नाही. त्याच आठवड्यात आम्ही नेरेडिगोंड्याजवळचा कुंटाळा धबधबा पाहायला गेलो. कडेम नदी तिथे सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात तिच्याजवळ जाण्याची छाती होत नाही. पण उन्हाळ्यात धार बारीक होते, खालचे डोह शांत दिसतात आणि पोरांना तेच पाणी बोलावते. खडकातल्या त्या डोहांचा तळ कुठे कसा आहे हे वरून कळत नाही, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. तिथे आजवर कितीतरी तरुण बुडाले आहेत. तिथेही पाट्या आहेत. माझ्या डोळ्यांदेखत चार मुले त्यांच्याच बाजूने खाली उतरली.

देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, अशी सरकारची स्वतःची नोंद आहे. जगाचा आकडा २०२१ साली सुमारे तीन लाखांचा होता आणि त्यांपैकी दहांतले नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तिकिटाच्या तलावात त्यांपैकी फार थोडे होतात. होतात ते नदीत, कालव्यात, शेततळ्यात, खाणीच्या खड्ड्यात. मग तलावाच्या नियमांची एवढी चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. ती यासाठी की, गावातल्या मुलाला पोहायला शिकण्याची हीच एक जागा आता उरली आहे. विहिरींवर विद्युतपंप बसले, त्यांचे पाणी खोल गेले, काका नोकरीसाठी शहरात गेले. तलावावर आईबापांचा विश्वास नसेल तर मूल शिकणार नाही, आणि न शिकलेले मूल कधीतरी ओढ्याला जाईलच.

गरिबीचा आक्षेप मला यासाठीही पुरता पटत नाही की, आपल्याहून गरीब ठिकाणी हे काम झालेले आहे. बांगलादेशात खेड्यातल्या पुकुरांत, म्हणजे घरामागच्या तळ्यांत, बांबूचे मचाण बांधून त्यावर मुलांना पोहणे आणि दुसऱ्याला वाचवणे शिकवण्याची मोहीम कित्येक वर्षे चालू आहे. तिथे संगमरवर नाही, निळ्या फरशा नाहीत. मचाणाने खोली ठरवलेली असते आणि प्रत्येक तुकडीमागे शिकवलेला माणूस पाण्यात उभा असतो. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठी एक आराखडा जाहीर केला. तो जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचायचा असेल तर त्याचे पहिले ठाणे नगरपालिकेचा जलतरण तलाव हेच असू शकते.

तेव्हा मोठ्या खर्चाच्या गोष्टी राहू द्याव्यात. एक फळा, त्यावर रोज सकाळी आणि संध्याकाळी मोजलेले क्लोरिन व सामू खडूने लिहायचे आणि खाली मोजणाऱ्याची सही. मोजण्याची कुपी महाग नसते. तळ दिसेनासा झाला की तिकीट बंद. पाण्याकडे पाहणारा एक माणूस, शिट्टी, दोरी, लांब काठी, आणि त्याला छाती दाबून व तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण. दोन्ही टोकांना पाण्याची खोली मोठ्या आकड्यांत. परवाना नवा करताना नगरपालिकेने हा फळा आणि ही माणसे पाहावीत. आणि पाटी त्या गावच्या मुलांना वाचता येईल अशा भाषांत असावी. आदिलाबादेत त्या तेलुगू, उर्दू, मराठी आणि गोंडी आहेत. चित्रे काढली तर भाषेचा तंटाही उरत नाही.

लोक नियम पाळत नाहीत, ही तक्रारही मला मान्य नाही. याच जिल्ह्यात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिथल्या पूजेसाठी मेस्राम घराण्याचे गोंड लोक गोदावरीचे पाणी कित्येक मैल पायी चालत आणतात. त्या वाटचालीचे आणि त्या पाण्याचे नियम त्यांच्यापैकी कुणी मोडत नाही, कारण नियम सांगणारे वडीलधारे स्वतः त्यांच्याबरोबर अनवाणी चालत असतात. नियमाला दोन्ही बाजूंनी माणसे बांधलेली असली की त्याला पाटीची गरज फारशी पडत नाही.

आता शेवटी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती मला सुखाची वाटत नाही. त्या संध्याकाळी मी भाच्याला पाण्यात उतरू दिले नाही. तिकिटाचे पैसे गेले. पोर तोंड फुगवून घरी आले. बहीण म्हणाली, "एवढ्या लांबून आलास दादा, आणि पोराला पाण्यात पाय बुडवू दिला नाहीस." मी तिला तळ दिसत नव्हता हे सांगितले. ती गप्प राहिली. दोन दिवसांनी दुपारी भाचा घरात नव्हता. तासाभराने आला तेव्हा त्याचे केस ओले होते. कुणी काही विचारले नाही. मला झोप लागली नाही.

मी केले ते बरोबर होते असे मला अजूनही वाटते, आणि त्याने ओले केस घेऊन यावे ही त्याच बरोबर गोष्टीची दुसरी बाजू आहे हेही दिसते. चांगला तलाव नसलेल्या गावात शहाण्या मामाच्या हाती इतकेच उरते: वाईट पाणी नाकारायचे आणि मुलाला त्याहून वाईट पाण्याकडे मोकळे सोडायचे.

जुलैत बहिणीचा फोन आला. पाऊस चांगला झाला होता, कुंटाळा भरून कोसळत होता, शाळेची सहल तिकडे जायची होती. मी विचारले, "पोहायला शिकला का तो?"

"नाही अजून," ती म्हणाली. "बघू, पुढच्या उन्हाळ्यात."